पहाटेचा ताप

सोहारला नाइट ड्यूटी संपवून मी जिना चढते
तेव्हा इन्व्हर्टरचा दिवा लाल असतो.
खाली दोनच शब्द: आयसोलेशन फॉल्ट.
साडेनऊला उठून पाहावं, तर हिरवा.
काही झालंच नव्हतं अशा चेहऱ्यानं
युनिटं मोजत बसलेला.

हणमंत अठ्ठावीस दिवस रिगवर.
फोन लागतो तो त्याच्या जेवणाच्या सुट्टीत, भर दुपारी.
"आत्ता काय दाखवतोय?"
आत्ता हिरवा.
"मग झालं तर. तू झोप."

आठ पॅनल त्यानं स्वतः बसवले, सहा शुक्रवारांत,
डोक्याला ओला पंचा बांधून.
कंत्राटदाराला पैसे कशाला, म्हणाला.
मी खालून नटबोल्ट द्यायची, डालड्याच्या डब्यात, दोरीनं वर.
शेवटच्या शुक्रवारी आमचं बोलणं नव्हतं.
कारण आठवत नाही.
आठवतं, पण इथं नको.
त्या दिवशी डबा त्यानंच खाली येऊन नेला, तीनदा.

वॉर्डात एकोणीस वर्षं काढलीत मी.
ठरल्या वेळी चढून उतरणारा ताप
डॉक्टरांच्या राउंडला सापडत नाही,
म्हणून तो नसतो असं नाही.

आधी चुकलेच. इन्व्हर्टरचे स्क्रू आवळले,
अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं.
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.
मग कॅलेंडरच्या पाठीवर चार्ट आखला:
वेळ, दिवा, कठड्यावर बोट फिरवून ओलं की कोरडं.
बारा दिवस.
समुद्राकडून दमट हवा आली, गच्ची घामेजली, त्या पहाटे लाल.
डोंगराकडून कोरडा वारा सुटला, त्या दोन पहाटे हिरवा.
म्हणजे कुठंतरी तार सोललीय
आणि दव तिच्या तोंडून बोलतंय.

तेराव्या पहाटे युनिफॉर्म न बदलताच वर गेले.
खिळ्यावरचे त्याचे रबरी मोजे, मला दोन बोटं मोठे.
एसी बंद. डीसी बंद.
पण पॅनल बंद होत नाहीत,
सूर्याला खटका नसतो.
मीटर लावला. अधिक ते उणे: दोनशे शहाण्णव.
अधिक ते अर्थ: एकशे पंच्याऐंशी.
उणे ते अर्थ: एकशे अकरा.
सगळं धड असतं तर हे दोन्ही आकडे
घसरत शून्याकडे गेले असते. ते हलेनात.
एका पॅनलचे सदतीस.
सदतीस त्रिक एकशे अकरा.
बोटांवर पुन्हा मोजलं. बरोबर त्रिक.
उणे टोकाकडून तिसरं संपतं, चौथं सुरू होतं, तिथं.

गुडघ्यांवर बसून टॉर्च मारला.
चौकटीखाली, रेलच्या धारेवर, तार चेपलेली.
वर क्लॅम्प, कचकचून आवळलेला,
गरजेपेक्षा दोन आटे जास्तच.
काळ्या सालीतून तांब्याचा एक धागा, हिरवट.
शेवटच्या शुक्रवारचं पॅनल.

खालून झुवैना, शेळ्यांना चारा टाकता टाकता:
"सिस्टर, कहरबा माफी?"
"फी," मी म्हटलं. आहे. वीज आहे.

कापायला रात्रीपर्यंत थांबले.
मगरिबची अजान झाली, मीटर चारवर आला, मग दोनवर,
मग नुसताच थरथरला.
खराब तुकडा काढला, नवी तार, नवे कनेक्टर.
क्रिम्प केल्यावर ओढून पाहायचं असतं, हे त्यानंच शिकवलेलं.
ओढून पाहिलं. दोनदा.
तार रेलपासून लांब बांधली, क्लॅम्प बेताचा आवळला.

पुढच्या पहाटे दव इतकं की कठड्यावरून ओघळत होतं.
पायरीवर चहा घेऊन बसले.
साठ, एकोणसाठ, अठ्ठावन्न...
इन्व्हर्टर स्वतःशीच मोजत होता
आणि मी त्याच्यासोबत, ओठ न हलवता.
हिरवा.

दुपारी फोन.
"आत्ता काय दाखवतोय?"
"हिरवा."
"बघ. मी म्हणत नव्हतो?"

दोन इंच तार थर्मामीटरच्या डबीत ठेवलीय.
अजून नऊ दिवस.